बिरडं शेजारच्या तंबूत गेलं

लोक दुसऱ्याच्या फजित्या सांगतात, मी आज माझीच सांगते. चहा घ्या, हसायचं तिथं हसा, फक्त मधे मधे मला शहाणपण शिकवू नका. ते जुबैदानं पुरेसं शिकवून झालंय.

जुबैदा म्हसळ्याची, मी महाडची. दोघी रायगडच्या, पण भेट झाली ती कतारच्या दोह्यात, अल मुंतझाच्या एका मासळीच्या दुकानात. मला येऊन आठ दिवस झाले होते. शाळा चौथीपर्यंत, हिंदी धड येत नव्हती, म्हणून मासेवाल्याला सरळ मराठीत झापत होते, की हा मासा काल नाही मेला, माझ्या लग्नाच्या आधी मेलाय. मागून आवाज आला, "कुठली गो तू?"

त्याला अठरा वर्षं झाली. एकाच इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. मी डबे करते, ती शिवण करायची. रोज बोलायचो, पण कशा? फोन स्पीकरवर, माझ्या हातात लाटणं, तिचा पाय मशिनीवर. हात रिकामे ठेवून आम्ही कधी बोललोच नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याची, इकबालभाईंची, नोकरी संपली. पंधरा दिवसांत कायमचं म्हसळ्याला. घरात खोकी भरायला लागली. रोज मी वर जायची, दोन खोकी बांधायची आणि खाली यायची. बोलणं काही नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांच्या साहेबांनी त्यांची कॅराव्हॅन तीन रात्रींसाठी दिली. थंडीत इथले लोक वाळवंटात तंबू, कॅराव्हॅन लावून महिनोन्‌महिने राहतात, तुम्हाला माहीत असेल. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, गॅस, मोरी, सगळं. साहेबांचं कुटुंब परदेशी गेलं होतं. म्हणाले, जा, राहा, जनरेटरकडे पण बघा. आमचे हे एसीचं काम करतात, म्हणजे सुट्टीत पण पाना हातात.

मी जुबैदाला म्हटलं, चला चौघं जाऊ.

ती म्हणाली, "येते. पण नंदे, तिथं नुसतं बसायचं हां. शेकोटीपाशी. मला तुला एक सांगायचंय."

"आत्ता सांग की."

"आत्ता नाय. खोक्यांमधे नाय सांगायचं ते."

आता बघा, मी एवढी तोंडाची फाटकी, पण त्या वाक्यावर वाद घातला नाही. हो म्हटलं. बसायचं ठरलं. त्यासाठी बुधवारीच मी वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवले. वालाचं बिरडं करायचं म्हणजे मोड आलेला एकेक दाणा सोलायचा, दोन तास लागतात. दोघींनी शेकोटीपाशी बसून वाल सोलायचे, सोलता सोलता ती सांगेल, मी ऐकेन. केवढा विचार केला होता मी.

गुरुवारी संध्याकाळी पोचलो. समुद्र एका बाजूला, वाळूच्या टेकड्या दुसऱ्या. जमिनीवर जाळ करायला बंदी, म्हणून इकबालभाईंनी लोखंडी पायांची शेगडी मांडली, लाकडं पेटवली. जुबैदा शाल पांघरून खुर्चीत बसली. मी तिच्या शेजारी बसणार, तेवढ्यात पलीकडच्या मोठ्या तंबूतून एक तरुण बाई आली. त्या घरची सून. हातात हे एवढं पितळी तबक. त्यात खजूर आणि खजुराच्या पाकातले गोल गोल तळलेले गोळे. आपल्या गुलगुल्यांचे चुलतभाऊ. हसली, हातात दिलं, गेली.

केवढं चांगलं, नाही? खाऊन टाकायचं, तबक धुऊन परत द्यायचं, आभाराचं शुक्रान म्हणायचं.

पण माझ्या आईनं मला एकच गोष्ट मारून शिकवली आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं नाही. मी उठले.

"कुठं चाललीस?" जुबैदा म्हणाली.

"पाच मिनिटं. घावणे टाकते चार."

चाराचे चोवीस झाले, कारण तंबूत माणसं किती ते कुठं माहीत होतं? सोबत गूळखोबरं. तबक भरून मी स्वतः नेऊन दिलं. तंबूत मधोमध एक म्हातारी बसलेली. तिनं तबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, छातीवर हात ठेवला. मी पण ठेवला. झालं. मिटलं.

कसलं मिटतंय.

शुक्रवारी सकाळी तेच तबक परत. आता त्यात मसाल्याचा भात आणि वर अर्धं बकरं. म्हणजे अर्धं म्हणजे खरंच अर्धं, पाय मोजता येत होते.

आमच्या ह्यांचा चेहरा असा उजळला की लग्नात पण तसा नव्हता उजळला. "फार चांगले लोक आहेत," हे म्हणाले आणि मांडी घालून बसले.

मला मात्र राग आला. का आला? आता विचार करते तर हसू येतं, पण तेव्हा वाटलं, मी घावणे पाठवले तर हे बकरं पाठवतात? म्हणजे काय, आम्ही उपाशी आलोय इथं? आम्हाला दाखवतायत?

जुबैदा म्हणाली, "अगो, पाहुणचार हाय तो. त्यांची रीत हाय."

"माझी पण रीत आहे," मी म्हटलं आणि कढई ठेवली.

कांदाभजी आणि शिरा. तबक भरून. वाळवंटात वारा सुटलेला, भज्यांत वाळू, डोळ्यांत धूर, पण मी पाठवलं. दुपारी तबक परत. गहू आणि मटण घोटून घोटून खिरीसारखं केलेलं, वर तुपाचं तळं, बाजूला कलिंगड, संत्री, डाळिंब. बाजारच आणला म्हणा.

"नंदे, आता बस," जुबैदा म्हणाली. तिनं वाल घेतले होते मांडीवर. एकटीच सोलत होती. "ये, बस, सोल माझ्याबरोबर."

"आलेच. एवढं तबक भरून देते."

"तू तबकच भरत बस."

हे तिनं हळू म्हटलं. मी ऐकलं, पण ऐकलं नाही. कळतंय का तुम्हाला, कसं ते? कानात जातं आणि तिथंच बसून राहतं, खाली उतरत नाही.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं. घरून आणलेलं पीठ संपलं होतं. रवा संपला, गूळ संपला, कांदे दोन उरले. पण जुबैदाचे वाल सोलून झाले होते. पांढरेशुभ्र, टोपभर. तिनं बोटं चोळत चोळत ते माझ्यापुढे ठेवले आणि समुद्राकडे पाय मोकळे करायला गेली.

मी बिरडं केलं. फार छान झालं. इतकं छान झालं, की मला वाटलं, आता कळेल त्यांना रायगडच्या बाईच्या हाताला काय चव असते. आणि सगळं तबकात ओतून पाठवून दिलं.

जुबैदा परत आली. टोपात बघितलं.

"बिरडं?"

मी पलीकडच्या तंबूकडे बोट केलं.

"समदाच्या समदा पाठवलास?"

"अगं, आपण उद्या..."

"उद्या कुठले वाल? इथं वाल उगवतात काय?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, बरं झालं असतं. "मी दोन तास सोलत होते. मला वाटलं, आता बसशील, मग बसशील. मी इथं त्या लोकांचं जेवण रांधायला आले काय गो?"

आणि ती कॅराव्हॅनमधे जाऊन झोपली. शेकोटीपाशी आमचे हे आणि इकबालभाई दोघंच, पोट भरलेले, आकाशातले तारे मोजत. दोघे तीनही दिवस बसूनच राहिले, बरं का. त्यांना कुणी उठवलं नाही. बसणं त्यांना आईनं शिकवलेलं.

"सुनंदा, तू उगाच मनाला लावून घेतेस," हे म्हणाले.

"तुम्ही खाल्लेलं आधी पचवा," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी तबक आलं. भातावर एवढा मोठा अख्खा मासा, डोळे उघडे, माझ्याकडे बघत असलेला. मी त्या माशापुढे बसून राहिले. घरात उरलं काय होतं? दोन कांदे, चहापूड, अर्धी पिशवी साखर. जुबैदा माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. उद्या सकाळी निघायचं होतं. पुढच्या आठवड्यात तिचं विमान. तिला जे सांगायचं होतं ते तिच्याजवळच होतं, आणि मी मात्र तबक मोजत बसले होते.

चिमूटभर साखर घालायची म्हणून पिशवीत हात घातला. मग काढला. सगळी साखर चहाला लागणार होती ते सोडा, मला माझीच चीड आली. दुपार कलल्यावर ते तबक घासलं, लख्ख पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याचं भांडं रिकामं घेऊन निघाले.  माझी आई वरून बघत असेल तर बघू दे, म्हटलं, खाली येऊन वाल सोलून दे मग बोल.

तंबूत शिरले. म्हातारी तिथंच बसलेली. मागच्या बाजूला स्वयंपाकाचा तंबू, तिथं तिघी सुना. एक कणीक मळतेय, एक कांदे चिरतेय, तिसरी कपाळाला हात लावून बसलेली. मी तबक पुढे केलं. रिकामं.

म्हातारीनं तबकात बघितलं. मग वाकून परत बघितलं, कुठे काही दडलंय का. आणि एकदम देवाचे आभार मानत म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह."

मागच्या तिघी सुनांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत. कपाळाला हात लावलेली तर खाली वाळूत आडवीच झाली.

म्हातारीला थोडी हिंदी येत होती, तुटकी. म्हणाली, तीन दिन से हम लोग थक गया. मी म्हटलं, मग पाठवत का होतीस? ती म्हणाली, तू भेजा, खाली बर्तन वापस कैसे करेगा? हमारे यहाँ ऐब है.

ऐब म्हणजे लाजेची गोष्ट. म्हणजे तिच्या आईनं पण तिला मारूनच शिकवलेलं. आम्हा दोघींच्या आया, एक महाडला आणि एक इथल्या वाळूत, कधीच्या मरून गेलेल्या, आणि त्यांच्यापायी आम्ही तीन दिवस कढया तापवत होतो.

ती म्हणाली, बैठ, खाना खा. मी म्हटलं, आज नाही. माझी मैत्रीण कायमची चाललीय, मला तिच्याजवळ बसायचंय. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मला ढकललंच म्हणा ना. "यल्ला, जा. मर्द लोग को इधर भेज, हम खिलायेगा."

हे आणि इकबालभाई हे ऐकताच असे गेले, की चपला पण एकमेकांच्या घातल्या.

मी शेकोटी पेटवली. जुबैदाच्या पाठीमागे उभी राहिले आणि म्हटलं, "तबक दिलं. रिकामं दिलं."

तिनं वळून बघितलं. "रिकामं? तू?"

"मी."

"मेल्या आईला काय सांगशील?"

"तुझं नाव सांगेन."

हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. सूर्य बुडत होता, थंडी उतरत होती, तिनं अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली. समोर विस्तव, लांबून समुद्राचा आवाज, माझ्या हातात काही नाही. कितीतरी वर्षांत हात असे रिकामे नव्हते. कुठे ठेवावेत ते कळेना, मग मांडीवर ठेवले.

"सांग," मी म्हटलं.

तिनं विस्तवात एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "नंदे, तू पहिल्या वर्षी, मी आजारी होते तेव्हा..."

मला एवढं आठवतंय. तेव्हा, एवढं. पुढे एकदम सकाळ.

मी खुर्चीतच होते, अंगावर दोन शाली, एक पांघरूण, पायांवर इकबालभाईंचं जाकीट. विस्तवाची राख झालेली. जुबैदा चहा घेऊन समोर उभी.

"मला उठवलं का नाहीस?"

"कशाला? तू मान हलवत होतीस. मला वाटलं ऐकतेस. समदा बोलून झालं, विचारलं, नंदे, तुला काय वाटतं? तर तू घोरलीस."

"सगळं बोललीस?"

"पाऊण तास."

"जुबैदा, परत सांग. ही बसले. बघ, जागी आहे."

तिनं चहा माझ्या हातात दिला. "नाय गो. ते एकदाच जमतं. अठरा वर्षं लागली मला जमवायला."

मी ह्यांना विचारलं, तुम्ही काही ऐकलंत का? हे म्हणाले, आम्ही त्या तंबूत होतो, आणि काय मासा होता, सुनंदा, काय सांगू.

ती गेली. आता म्हसळ्याहून दर शुक्रवारी फोन येतो, मी स्पीकरवर टाकते, लाटते, बोलते. आजारी होते तेव्हा, याच्या पुढचं मी अजून विचारते. ती म्हणते, फोनवर नाय. मी म्हणते, मग कुठे? ती म्हणते, ये इथं, बस समोर, पण जागी राहा.

सगळी बिल्डिंग म्हणते, नंदाताई कुणाला बोलू देत नाहीत. खोटं कशाला बोलू, नाहीच देत. आयुष्यात एकदाच एका माणसाला मधे न तोडता पाऊण तास बोलू दिलं, आणि तेही झोपेत.