गुटीतला बदाम

आयुष्यात मी एकच सौदा मोडला. तो कापसाचा नव्हता. समोर व्यापारी नव्हता, माझी सासू होती. सासरची माणसं अजूनही चारचौघांत ती गोष्ट काढतात, आणि मी तिथं असलो तर माझ्याकडं बघून काढतात. म्हणून माझी बाजू एकदा लिहून ठेवतो.

पोलीस ॲक्शनला तीनेक वर्षं झाली असतील. सेलूच्या बाजारात मी कापसाची दलाली करत होतो. जिनिंगमध्ये गाठी ओढण्यापासून सुरुवात केली होती. आईबाप लहानपणीच गेलेले. सासरे चारठाण्याकडचे मोठे शेतकरी. लग्नाच्या बैठकीत त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, पोरगा कमावता आहे, पण पाठीमागं कोणी नाही. ते वाक्य मी गिळलं, पण पचवलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली, आणि सासऱ्यांचा निरोप आला की तुमच्या घरात वडीलधारी बाई नाही, लेकरू चालायला लागेपर्यंत इकडंच राहू द्या. मी तिसऱ्या महिन्यात बैलगाडी घेऊन गेलो आणि मायलेकींना घरी आणलं. आठवडाभरानं सासूबाई मागोमाग आल्या. सोबत सहाण आणि गुटीचं गाठोडं.

त्यांच्याविषयी खोटं लिहिणार नाही. त्यांनी स्वतःची सहा लेकरं वाढवली होती आणि माझ्या लेकीवर त्यांचा जीव होता. रोज सकाळी अंघोळीनंतर त्या गुटी उगाळायला बसत. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, खारीक आणि बदाम, अशा सात जिनसा. प्रत्येक जिन्नस सहाणेवर आईच्या दुधात फिरवायची, वेढे मोजायचे, आणि लेकराच्या वयाप्रमाणे वेढे वाढवायचे. बदाम पाचव्या महिन्यापासून सुरू झाला. तो त्यांच्या घरून खास आलेला.

त्याच महिन्यात पोरीच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. लाल, फुगीर, पोटापासून मानेपर्यंत. खाजेनं तिला झोप लागेना. झोळीत घातलं की घटकाभर डोळा लागे, मग दचकून रडू. सातवा महिना लागला तरी ती बसेना. मान धरली होती, कुशीवर वळत होती, पण पालथी पडायचा कंटाळा. दवाखान्यात दाखवलं, तिथं उष्णता म्हणाले आणि लावायला औषध दिलं. शेजारणीनं तिळाएवढी अफू चाटवायला सांगितलं. तिला मी दारातूनच परत लावलं. सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या. आणि लेकरू अशक्त आहे म्हणून बदामाचे वेढे वाढवले. गांधी वाढल्या की बदाम वाढायचा. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

मग एका सकाळी गुटी पाजल्यावर थोड्याच वेळात पोरीचे ओठ सुजले. रडताना आवाज घोगरा निघायला लागला, श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली. दुपारपर्यंत ओसरलं. तोवर मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होतो, आणि ओसरलं तेव्हा माझं डोकं फिरलं. सहाण उचलून मी अंगणात फेकली. तिचा कोपरा उडाला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, दगडावर राग काढून लेकरू बरं व्हतंय का?"

मी म्हणालो की कापसाची गाडी आली तर आम्ही वरचा कापूस बघून भाव करत नाही; हात घालून खालचा, मधला, कडेचा वेगवेगळा काढून बघतो. गुटीचंही तसंच करायचं. तीन दिवस सगळं बंद, मग दोन-दोन दिवसांनी एकेक जिन्नस. त्या हसल्या. पण त्याही बाजार न करता संसार केलेल्या बाई नव्हत्या. त्यांनी अट घातली की साती जिनसा त्यांच्या डोळ्यांदेखत द्यायच्या, एकही गाळायची नाही. कशातच खोट निघाली नाही तर मायलेकी त्यांच्याबरोबर गावी येणार, पोरगी चालेपर्यंत. आणि मधेच मी माघार घेतली तरीही तेच. क्रम त्यांनीच लावला. बदाम शेवटी ठेवला, कारण बदामानं कधी कोणाचं वाईट झालंय?

मी हो म्हणालो. बाजारात माझ्या शब्दावर गाड्या रिकाम्या होत. हा शब्द मी त्याच तोऱ्यात दिला.

तीन दिवसांत गांधी बसल्या. चौथ्या दिवशी वेखंड सुरू झालं, काही नाही. हळकुंड, काही नाही. मुरडशेंगेच्या दिवसांत पोरगी सलग तीन तास झोपली, आणि झोळी थांबली म्हणून बायको घाबरून बघायला गेली. हिरड्यानं तोंड वाकडं केलं तेवढंच. जायफळाच्या वेळी पालथी पडली, छाती उचलून सहाणेकडं बघत राहिली. खारीक संपली त्या दिवशी उशीचा टेकू देऊन बसली आणि माझी टोपी ओढली. दुपारी व्यापारी आले की मी त्यांना आधी तिची हकिकत सांगायचो, मग भाव. एकानं टोमणा मारलाच, "दलाल, पोरीच्या जातीला एवढं?" त्याच्यासाठी मी त्या दिवशी एकाही गाडीत हात घातला नाही.

सोळाव्या दिवशी सासूबाईंनी कोपरा उडालेल्या सहाणेवर बदाम उगाळला. चांदीच्या वाटीत पांढरं दूध तयार. बायको पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

मी म्हणालो, आता गरज नाही, उरलं ते एकच आहे. त्या म्हणाल्या की हवा पालटली म्हणून गांधी गेल्या असतील, दृष्ट उतरली म्हणून गेल्या असतील. दिल्याशिवाय कसं कळणार? आणि खरं सांगायचं तर हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. सातवी गाडी न बघता मी भाव सांगत होतो. दिला असता, गांधी उठल्या असत्या, तर सगळ्या चारठाण्यासमोर मी जिंकलो असतो. मला जिंकायची फार हाव होती. पाठीमागं कोणी नाही म्हणणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मला तिथं बसल्या बसल्या दिसत होता. मी क्षणभर वाटीकडं बघत राहिलो, हेही लिहितो.

मग पोरगी वाटी बघून हात नाचवायला लागली. तिच्या घशातून त्या दिवशी निघालेला आवाज मला आठवला. मी वाटी उचलली आणि बदामाची गुटी मीच पिऊन टाकली.

सासूबाईंनी रिकामी वाटी माझ्या हातातून घेतली. म्हणाल्या, "जबान फिरवली तुमी."

"फिरवली, मामी. लेकरू माझं हाय."

"मग सौद्याप्रमाणं लेकीला पाठवा."

"तेबी न्हाई."

त्यांनी बायकोकडं बघितलं. पंधरा दिवस तिनं कोणाचीच बाजू घेतली नव्हती. मला वाटलं ती आईच्या बाजूनं बोलेल. तिनं पोरीचं अंगडं सारखं केलं आणि म्हणाली, "आई, तू येत जा. मी न्हाई यायची."

त्याच दिवशी त्या गेल्या. गाठोड्यातल्या सहा जिनसा ठेवून गेल्या, बदाम तेवढे नेले. आठ दिवसांत सगळीकडं झालं की जावई बोलून फिरतो. सेलूच्या बाजारात दोन शेतकऱ्यांनी मला तोंडावर विचारलं की शब्द मोडलास म्हणे, मग आमच्या कापसाचं काय? मी म्हणालो, व्हय, मोडला. तुमच्या कापसाला श्वास घ्यावा लागत न्हाई. एक हसला आणि त्यानं गाडी माझ्याकडंच सोडली. दुसरा दुसऱ्या दलालाकडं गेला, आणि मी त्याला बोलावलं नाही.

पोरगी नवव्या महिन्यात रांगली, वर्षाच्या आत उभी राहिली. सासरी अजून म्हणतात की बदाम मिळाला असता तर आणखी लवकर चालली असती. म्हणू द्या. माझ्या घरात त्यानंतर बदाम आला नाही.