दुधाच्या नमुन्यांची धास्ती

चार लोक एका खोलीत काम करायला लागले की किस्से साचतातच. पण आमच्या वर्ध्याच्या लॅबमधले किस्से हसत सांगायला आम्हाला फार वेळ लागला. घडताना प्रत्येक वेळी तोंडचं पाणी पळालं होतं!

काम असं: गाय, म्हैस, बकरी, गाढवीण आणि बाई यांच्या दुधातले मायक्रोआरएनए ताडून पाहायचे. हे इवलेसे रेणू पेशीतल्या जीन्सना गप्प बसवतात. नमुना कशानेही बिघडू शकतो, म्हणून आमच्या लॅबप्रमुख मॅडमचं एकच पालुपद, "हात लावू नका!" माझा सहकारी मंगेश घरी चहाचा कप उचलतानाही ग्लोव्ह्ज शोधायचा.

*

गाढविणीचं दूध आणायला आम्ही दोघं पुलगावला गेलो होतो. परतताना स्टेशनवर आमच्या डब्यातून, नमुना गार ठेवायला घातलेल्या ड्राय आइसचा धूर निघाला. जवळच दारूगोळ्याचा डेपो, आणि हातात धुराचा डबा! हवालदार धावतच आला.

"काय हाय बे यात?"

मंगेशची बोबडी वळली. "गा... गाढविणीचं दूध!"

"बॉम्ब म्हनला असता तं पटलं असतं!"

*

एकदा लाईट गेली आणि जनरेटर सुरूच होईना. फ्रीजरमध्ये सगळे नमुने! मॅडम त्याच्या दाराला पाठ लावून उभ्या. "कोणीही उघडायचं नाही!"

वॉचमन दादाराव घाबरत म्हणाले, "मॅडम, आतमंदी कोनी अटकलं काय?"

*

गवळाऊ जातीच्या गाईचे मालक शामरावजी रोज फोन करायचे. निकाल काय लागतो, याची त्यांना आमच्याहून जास्त धाकधूक.

"कमी निघालं तं मले सांगजा. गाईपुढं बोलू नका, थे मनाले लावून घेते!"

*

आता आष्टीकडचा किस्सा. ते बाळ आज अंगणात रांगतं, म्हणून सांगता येतो.

तिथल्या एका बाळंतिणीनं, वंदनानं, दुधाचा नमुना दिला होता. निकाल आला, आणि तिचा नमुना थेट बकऱ्यांच्या गटात! मंगेश पांढराफटक पडला. "माझ्याकडूनच बाटल्या बदलल्या!" पुन्हा तपासलं. बाटली तिचीच, दूध मात्र बकरीचं!

मॅडम एकदम उठल्या. "म्हणजे तिला दूधच येत नाही! मग बाळाला काय पाजताहेत?"

आम्ही तसेच आष्टीला निघालो. बाळ काडीसारखं झालं होतं, रडतही नव्हतं. सासूबाई पुढे आल्या. "काय निघालं मॅडम? सुनेचं दूध चांगलं हाय ना?"

वंदनानं पदर मुठीत धरला.

"उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "बाळाचं वजन तेवढं दवाखान्यात करून घेऊ. आईला सोबत नेते."

"मंग! खानं कोनाच्या घरचं हाय!" सासूबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या.

गाडी सुटली. गाव मागे पडेपर्यंत वंदना बाळाकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली,

"मॅडम... अन् बकरीचं?"

"तेही उत्तम."