बद्द वाजणाऱ्या सात नळ्या

कुवेतच्या पश्चिम वाळवंटात एक जुने लष्करी मैदान होते. तिथे पूर्वी अग्निबाणांच्या चाचण्या होत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते गोदामांसाठी द्यायचे ठरले आणि मातीची तपासणी आमच्या प्रयोगशाळेकडे आली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच रुजू झाले होते. कंत्राटात फक्त माती होती. कडेला रचलेल्या गंजक्या लोखंडी नळ्यांची नोंद ‘भंगार’ एवढीच. शनिवारी सकाळी त्या गॅस कटरने कापून अम्गराच्या भंगारबाजारात न्यायच्या होत्या.

कापणारा वेल्डर मालवणकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी नमुन्यांच्या पिशव्यांवर क्रमांक घालत होते, तेव्हा तो हातात पाना घेऊन एकेक नळी ठोकत चालला होता. बहुतेक खणखणल्या. सात नळ्यांपाशी तो थांबला.

“बाय, ही बद्द वाजता. भितुर कायतरी आसा.”

आमचे प्रकल्प अभियंते, पुण्याचे, गाडीच्या सावलीत उभे होते. “काका, फणस नाहीत ते, वाजवून घ्यायला,” ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. मग निघण्यापूर्वी एका नळीच्या तोंडाची वाळू उकरली, तर आत राखाडी, रबरासारखा थर. लाकडी पट्टीने नखाएवढा तुकडा काढून आणला. प्रयोगशाळेत त्यातला कणभर ज्योतीजवळ नेला आणि तो भसकन जळून गेला. ते अग्निबाणांचे, न जळता उरलेले इंधन होते.

बुधवारी मी अहवालात लिहिले की सात नळ्यांत ज्वालाग्राही इंधन आहे, त्या कापू नयेत. दुपारी सहीसाठी आलेल्या प्रतीत ते वाक्यच नव्हते. जाब विचारला तेव्हा अभियंते शांतपणे म्हणाले, की आपल्याला मातीबद्दल विचारले आहे आणि न विचारलेले सांगितले की कंत्राट अडकते. शिवाय तो माणूस तीस वर्षे कापतोय, त्याला कधी काही झाले का?

“तीस वर्षं तो आधी वाजवून बघतोय, म्हणून झालं नाही,” मी म्हणाले आणि सही न करता प्रत परत केली.

रसायनतज्ज्ञाच्या सहीविना अहवाल जाऊ शकत नव्हता. त्यांनी मला माझ्या बढतीची, मग इकाम्याची, म्हणजे निवासपरवान्याची, आठवण करून दिली. एका माणसाच्या जिवाची किंमत एका वाक्याइतकीही नसावी, याची चीड आजही ओसरलेली नाही. मी सहीला नकारच देत राहिले, तेव्हा संध्याकाळपर्यंत वाक्य परत आले. शनिवारी कटर पेटला नाही. लष्कराच्या पथकाने दोऱ्या बांधून त्या सात नळ्या नेल्या.

अहवालासोबतच्या छापील अर्जात ‘धोका कसा आढळला’ असा रकाना होता. ‘ठोकून’ असा पर्याय त्यात नव्हता. मी ‘रासायनिक तपासणी’पुढे खूण केली आणि खाली माझे नाव लिहिले. शेजारचा समास पूर्ण कोरा होता. वेल्डरचे नाव तिथे सहज मावले असते.