दोन अन्नपूर्णा

मुलांनो, तुमच्या आईच्या मावसबहिणीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, घटस्फोट झाला हे तुम्हाला कळलंच आहे. वाटणी कशी झाली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. इथे भारतात सगळं निम्मं-निम्मं करायचा सरळ नियम नाही. साधारणपणे ज्याच्या नावावर, त्याचं. माहेरून आलेलं आणि लग्नात मिळालेलं ते बाईचं स्त्रीधन. वर्तकनगरचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. जावयाने तिच्या हिश्शाचे पैसे देऊन तो स्वतःकडे ठेवला. वकिलांनी सगळं लिहून काढलं, फक्त देव्हारा राहून गेला.

भाचीला त्यातली एकच वस्तू हवी होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, लग्नात दिलेली पितळी अन्नपूर्णा. आपल्यात मुलगी ती माहेराहून नेते आणि सासरच्या देव्हाऱ्यात ठेवते. बहीण आता नाही. तिच्या हातची भाचीजवळ तेवढीच वस्तू उरली होती.

ती आणायला मी भाचीबरोबर गेले. भर दुपार होती. तिचं कपाट आणि पलंग आधीच डोंबिवलीला, तिच्या नव्या घरी, गेले होते, भिंतीवर त्यांच्या आकाराचे उजळ चौकोन उरले होते. सासूबाईंनी आतून तिला लग्नात बदललेल्या नावाने हाक मारली. ते नाव आम्ही माहेरी कधीच घेतलं नाही. भाची "आले हं" म्हणाली, आणि तो आवाज मला ओळखू आला नाही.

देव्हाऱ्यात तांदळाच्या एकाच वाटीत एकसारख्या घडणीच्या दोन अन्नपूर्णा शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेली, एक भाचीची. इतक्या वर्षांत रोज चिंचेने घासून दोघींचे चेहरे पार झिजून गेले होते. नाक नाही, डोळे नाहीत. भांड्यांवर आम्ही नावं घालून ठेवतो, पण देवावर खूण करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"तुझी कुठली गं?" मी विचारलं.

भाची दोन्ही मूर्ती हातात घेऊन बघत राहिली. "मावशी, मलाच कळत नाहीये."

"टॉस करूया का?" जावई दारातून म्हणाला.

"गप रे. संसाराचा केलास तेवढा टॉस पुरे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, परवा एक मी हिच्यासाठी लाल फडक्यात बांधून ह्याच्याकडून माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून घेतली. सकाळी बघते तर परत वाटीत."

"आई, तूच काढली असशील. विसरतेस हल्ली."

"मी? स्टुलावर चढून? हे गुडघे घेऊन?"

कुणी हसलं नाही. भाचीने डोळे मिटले आणि एक उचलली.

डोंबिवलीला तिने नव्या वाटीत तांदूळ भरून मधोमध मूर्ती ठेवली. मी तिच्याकडेच मुक्कामाला होते. सकाळी तिने मला देवापाशी बोलावलं. तांदळात मूर्तीच्या शेजारी आणखी एक गोल खळगा पडला होता. मूर्तीच्या बैठकीएवढाच, काठ अगदी नीट. मी तांदूळ सारखे केले. दुसऱ्या दिवशी खळगा तिथेच होता. रस्त्यावरून ट्रक जातात, त्यांच्या हादऱ्याने होत असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही भाचीला तेच म्हटलं.

तिने वर्तकनगरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ती खळग्याबद्दल काही बोलायच्या आतच सासूबाईंनी विचारलं, "तुझ्याकडेही शेजारी जागा केलीय का गं तिने?"

भाचीने वाटीतल्या खळग्याकडे पाहिलं. "हो, आई."

"इथेही आहे."

"मग मी चुकीची आणली असेन. बदलून घेऊ का? मला माझ्या आईचीच हवी आहे हो."

"बदलून काय होणार? कुठलीही नेलीस तरी ती दुसरीला शोधणारच." मग हळूच म्हणाल्या, "इथली रोज तुझ्या आईचीच समजून पुसते मी. तू तिथली माझी समज."

फोन ठेवल्यावर भाची रडेल असं मला वाटलं होतं. ती उठली, स्वयंपाकघरातून मोठं वाडगं आणलं, त्यात तांदूळ ओतले आणि मूर्ती मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवली.