लोउहानची वैरीण

आमच्या सुलावेसी बेटावर, मतानो तळ्याच्या काठी, माझ्या चुलतबहिणीला सगळे जरा टरकूनच असत. हस्निया तिचं नाव. बुडी मारून भाल्याने मासे टिपण्यात गावात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. काठाकाठावरचे मासे तिला बापाने ओळखायला शिकवले होते. वाळूवर बोटाएवढे पिवळे ओपुदी, खडकांपाशी त्यांचेच निळसर भाऊबंद. नर आपल्या मादीभोवती दिवसभर घिरट्या घालायचा. ते बघायला ती भाला होडीत ठेवून नुसतीच पाण्यात उतरायची.

काठावर ताजुद्दीनची खानावळ होती. शोभेसाठी त्याने काचेच्या टाकीत लोउहान पाळले. लाल, भांडखोर, कपाळावर टेंगूळ असलेले मासे. टाकीत मावेनात तेव्हा त्याने बादलीभर लोउहान तळ्यात ओतले. हस्निया समोरच होती.

"ताजुदादा, हे दुसऱ्यांची अंडी खातील!"

"अगं, केवढं तळं आहे! चार मासे वाढले तर काय बुडणार आहे का ते?"

गिऱ्हाइकं हसली. चारच वर्षांत वाळूवरचे पिवळे ओपुदी दिसेनासे झाले. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा ताजुद्दीन म्हणाला, "मी नाही बुवा सोडले. पुरात आले असतील वाहून." त्या दिवसापासून हस्नियाच्या डोक्यात आग पेटली.

त्याच सुमारास बोगोर शहरातून एक संशोधक बाई आली. तिने सांगितलं, हे तळं लाखो वर्षांचं. हवा बदलली, पाणी चढलं, उतरलं, पण हे कधी आटलं नाही. बाहेरून फारसं कोणी आत आलं नाही, म्हणून एकाच पूर्वज माशाचे वंशज काठाकाठाप्रमाणे वेगळे होत गेले.

"गेलेला पिवळा पुन्हा व्हायला किती वर्षं लागतील?" हस्नियाने विचारलं.

"तोच? तो पुन्हा नाही होणार."

दुसऱ्या दिवसापासून ती जमतील तेवढे लोउहान मारायची, उन्हात सडवायची आणि टोपली खानावळीच्या पायरीवर उपडी करायची. दोन वर्षं. गिऱ्हाइकं तुटली. गावप्रमुखाने दम भरला तर म्हणाली, "त्याचे मासे त्याला परत करतेय. चोरी केली का?"

मग ताजुद्दीनच्या मुलीचं लग्न निघालं. मी हातापाया पडलो. "हस्निया, आजचा दिवस सोड. पोरीने काय केलंय?"

"ओपुदींनी काय केलं होतं?"

वऱ्हाड मांडवात बसलेलं असताना तिने टोपली उपडी केली. नवऱ्यामुलाची आई नाक दाबून उठली. नवरीमुलगी रडू लागली. मला लाज वाटली; हस्नियाच्या तोंडावर मात्र इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. ताजुद्दीन पुढे आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मीच सोडले. खोटं बोललो. आता तरी बस कर, बाई."

"उद्या पहाटे होडीवर ये," ती म्हणाली. "भाला मी देते."

लग्न कसंबसं लागलं. आणि ताजुद्दीन खरंच आला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस बुडी मारून धापा टाकायचा. पहिल्या महिन्यात त्याला तीनच लोउहान मिळाले. हस्निया त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही, पाणीसुद्धा विचारायची नाही. तो दमला की वल्ह्याने पुढचा खडक दाखवायची. एकदा तो रडला, तेव्हा ती पाठ फिरवून जाळं सोडवत बसली. सहा वर्षं हे चाललं. लोउहान काही संपले नाहीत. तो मात्र हळूहळू तरबेज झाला. त्याने स्वतःसाठी चांगल्या लाकडाचा भाला करून घेतला.

सातव्या वर्षी तो तापाने गेला. हस्निया त्याच्या घरी फिरकली नाही. त्या दिवशीही तळ्यातच होती.

आठवड्याने त्याची मुलगी तिच्याकडे आली. "मावशी, आता तरी बाबांना माफ केलंत ना?"

"नाही," हस्निया म्हणाली. "पण त्यांचा भाला देशील का? फार छान होता."

मुलगी निघून गेली. भाला तिने दिला नाही.