खर्जराव आणि भिंतीपलीकडचे कान

दिवसभर लोकांच्या सिंकखाली आडवं पडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बेस गिटार गळ्यात अडकवायची, हा एका प्लंबरचा नेम. गाण्याच्या ग्रुपमधले सगळ्यांत खालचे सूर त्याच्या वाट्याचे, म्हणून ड्रमवाल्यानं त्याचं नाव खर्जराव ठेवलं. ते असं चिकटलं की नळ गळायला लागला तरी लोक खर्जरावांनाच फोन करू लागले.

त्यांचा स्पीकर म्हणजे एक धूड होतं. बायको त्याला कपाट म्हणायची आणि त्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवायची. ग्रुपचा सराव टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर चाले, आणि तिथं लिफ्टच्या नावानं बोंब. इतकी वर्षं खर्जरावांनी ते कपाट जिन्यानं वर चढवलं, पण यंदा कंबरेनं दगा दिला. "तुमच्या हत्यारांच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. ग्रुपमधली मंडळी उचलायला तयार होती. पण आपली हौस दुसऱ्याच्या पाठीवर लादायची हे खर्जरावांना पटेना. दुसरा कोणीतरी बघा म्हणून सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते घुम्यासारखे बसून राहिले.

बायकोला ते बघवेना. "अहो, छोटं मिळत नाही का कपाट?"

"छोट्यातून कसला खर्ज येतोय! डबडं वाजवल्यासारखं होईल."

"बघायला काय जातंय?"

दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. तिथं छोटे स्पीकर दोनच होते. एकात दहा इंची पडदा, दुसऱ्यात बारा इंची. खर्जरावांनी दोन्ही एकेक करून उचलून पाहिले. दोन्ही पिशवीपेक्षा हलके निघाले, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा खुलला. मग ते दहा इंचीसमोर उकिडवे बसले आणि जाळीला कान लावून वाजवू लागले. भिंतीतली गळती शोधणारा माणूस तो. कान चिकटवल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. एकेक बोट स्वच्छ ऐकू येत होतं.

"हाच द्या," ते म्हणाले.

"तो नको," दुकानाच्या टोकाला, लाकडी आडोशामागून बायकोचा आवाज आला. "ते तुमचं वाजवणं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?" परक्यांसमोर खर्जराव तडकले.

"मला तुम्ही रोज भिंतीपलीकडूनच ऐकू येता की. यातनं नुसती टकटक पोचतेय. दुसरा वाजवा."

बारा इंची जवळून त्यांना गुबगुबीत वाटला. तरी तोंड वाकडं करून त्यांनी रोजचीच चाल धरली, आणि रोजच्याच अवघड जागी बोटं अडखळली तसे थांबले. आडोशामागचं गुणगुणणं मात्र थांबलं नाही. बायको ती चाल शेवटापर्यंत घेऊन गेली. एक सूर चुकला नाही.

खर्जरावांनी मान वळवून आडोशाकडे पाहिलं.

"त्या बरोबर सांगताहेत," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "खालच्या सुराला मोकळी जागा लागते. तुम्ही तिकडे उभे राहा, मी वाजवते."

ते आडोशामागे बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. बाईंनी दोन्ही वाजवून दाखवले. पहिल्यातनं खरोखरच टकटक आली. दुसऱ्याचा सूर लाकूड ओलांडून सावकाश आला आणि तळव्यांखालच्या फरशीत भरला.

"तुला सगळं पाठ आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही रोज तिथंच अडकता. मग पुढचं मी म्हणते. अर्ध्यावर सोडलं की मला चैन पडत नाही."

"आणि मी वाजवायला बसलो की स्वयंपाकघराचं दार लावून घेतेस ते?"

"दार उघडं असलं की बोटांची खडखड आत येते. लावलं की नुसता सूर येतो."

इतकी वर्षं ते दार लागल्याचा आवाज आला की खर्जराव ओशाळून आवाज कमी करत आले होते. बायकोला आपला जाच होतो, पण बिचारी बोलत नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आता तिचे उपकार कसे फेडायचे ते त्यांना कळेना. तिनं मात्र बारा इंचीचं हँडल धरून तो उचलूनही पाहिलं होतं.

"चला, हलकं आहे," ती म्हणाली.

पुढच्या सरावाला खर्जराव नवा स्पीकर एका हातात घेऊन तिन्ही मजले स्वतः चढले. बायको सोबत आली, पण खोलीत यायला तयार होईना. बाहेर जिन्याच्या पायरीवरच बसली. ड्रमवाल्यानं काड्या हातात घेतल्या.

"दार लावून घे रे," खर्जराव म्हणाले.

"वेड लागलंय का? उकडून मरू."

"उकडू दे. बाहेर बायको ऐकायला बसलीय."