ज्वारीएवढ्या डोक्यांसाठी घेतलेला कॅमेरा

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरा, म्हणजे जाहिरातवाले वापरतात तो मोठ्या जातीचा, फक्त एकाच माणसाकडे आहे आणि तो माणूस कळंबच्या बसस्टँडसमोर बसतो, असं मी त्या काळी छाती ठोकून सांगत असे. वर्ध्याचं कोणी गिऱ्हाईक आलं तर जिल्ह्याचा विदर्भ करत असे. तपासायला कोणीही गेलं नाही.

कॅमेरा जुना होता. मुंबईच्या एका जाहिरातवाल्या स्टुडिओनं नवा घेतला म्हणून हा काढून टाकलेला. तरी त्या पैशात एक चालू जीप आली असती, आणि ती बंद पडल्यावर ढकलायला चार माणसं वर्षभर जेवू घालता आली असती. वर्षं कशी, तर कापसाची. पीक आलं तर भाव नाही आणि भाव आला तर बोंडाला अळी. लग्नाचे मांडव निम्मे झाले होते, बँडवाले ऊस कापायला गेले होते. अशा दिवसांत मी आणि माझा पार्टनर, म्हणजे शाळेपासून एका डब्यात जेवलेला माझा दोस्त, आम्ही दोघांनी मिळून हे हत्तीचं पिल्लू दुकानात आणून बांधलं. फोटो मी काढायचे, कॉम्प्युटर त्यानं सांभाळायचा, अशी वाटणी होती.

काहून आणलं, तेही सांगतो. आमच्या इकडे बिदाईच्या आधी सगळ्या गावाचा एक फोटो निघतोच. नवरानवरी मधात, बाकी गाव मिळेल तिथं. ट्रॉलीवर, भिंतीवर, कडुनिंबाच्या फांदीवर. एका लग्नात तर बकरीही मालकिणीच्या कडेवर बसून कॅमेऱ्याकडे पाहत होती. आता खेड्यातल्या कितीतरी माणसांचा जन्मात तेवढाच एक फोटो. माणूस गेला की घरचे तो फोटो घेऊन दुकानात येत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्यावर बोट ठेवत आणि म्हणत, “भाऊ, एवढा आमचा बाबा मोठा करून दे.” साध्या कॅमेऱ्यातला बाबा मोठा केला की त्याचा उपमा होई. राळेगावकडच्या एका तेरवीत हार घातल्यावर लोकांच्या लक्षात आलं की फोटोतला माणूस तर मागच्या रांगेत बसून बुंदी खातो आहे.

म्हणून मला मोठा कॅमेरा पाहिजे होता. त्यातलं ज्वारीएवढं डोकं भिंतीएवढं केलं तरी पापणीचा केस मोजून घ्यावा.

बाकी सगळ्या बाबतीत तो छळवादीच होता, खोटं कायले बोलू. एक फोटो काढला की डुलकी घ्यायचा. समोरचा दुकानदार आपल्या खेळण्यासारख्या कॅमेऱ्यानं अर्धं लग्न उरकी, तोवर माझी नवरी पहिल्याच फोटोसाठी श्वास धरून उभी. मांडवातल्या जनरेटरच्या उजेडात तो आंधळा, आणि मे महिन्याच्या दुपारी त्याला ताप. मी त्याला ओला पंचा गुंडाळून सावलीत निजवत असे. बायको म्हणे, “पोरांले कधी असं निजवलं नाही.”

पार्टनरला पहिल्या महिन्यातच पश्चात्ताप झाला. एकदा त्यानं माझ्यापुढे दोन फोटो टाकले. एक मोठ्या कॅमेऱ्याचा, एक आमच्या आधीच्या लहान कॅमेऱ्याचा, दोन्ही अल्बमच्या मापाचे.

“सांग बे, यातला तुहा हत्ती कोणता?”

मी भिंग लावलं, उन्हात नेलं, वास घेतला. चुकलो.

“पाह्य,” तो म्हणाला. “तुले समजत नाही तर गिऱ्हाइकाले काय समजन? अल्बमात सारं सारखंच दिसते.”

“अल्बमात सारखंच दिसणार लेका. मोठा करून पाह्य नं! खरी कमाई त्या मोठ्या फाईलीत आहे. ती तेवढी जपून ठेव.”

“ठेवून राह्यलो नं भाऊ,” तो म्हणाला.

दर लग्नानंतर मी विचारायचो, आणि दर वेळी तो कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून म्हणायचा, “सारं आहे याच्यात.” लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा हात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावी बौद्धवस्तीत लग्न होतं. सकाळचं कोवळं ऊन, गाव पांढऱ्या कपड्यांत, कॅमेऱ्याचा मूड चांगला. असा फोटो मी आयुष्यात पुन्हा काढला नाही. मागच्या रांगेला ट्रॉलीवर एक जवान पोरगा उभा होता, गावात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. मानच वाकडी करून हसत होता. मी ओरडलो, “ए ट्रॉलीवाल्या, मान सरळ कर!” तर तो आणखीच वाकडी करी, आणि खालून त्याची माय त्याला शिव्या घाली.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. त्या वर्षांत आमच्याकडे जवान माणूस गेला की बाहेरून आलेले लोक कारण विचारत नसत, कर्जच धरून चालत. याला विहिरीवर मोटारीचा शॉक लागला होता. ओली वायर, दुसरं काही नाही.

त्याची माय एसटीनं दुकानात आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम, हातभर लांब, आतून रिकामी. ती तिनं यवतमाळहून आधीच आणली होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे गेलेल्याच्या नावानं वंदना आणि पंगत होते तेव्हा, बुद्धमूर्तीच्या बाजूला टेबलावर तिला लेकाचा फोटो ठेवायचा होता. दुसरा फोटो घरात नव्हता.

“होईन का रे बाबा एवढा मोठा?” तिनं फ्रेमवर हात फिरवून विचारलं.

“मावशी, एवढा? घराएवढा करतो! पापण्या मोजून घे.” कॅमेरा आणल्यापासून ज्या गिऱ्हाइकाची मी वाट पाहत होतो, ते हे होतं. मी पार्टनरला म्हटलं, “काढ रे तो फोटो.”

त्यानं काढला. पडद्यावर ट्रॉली आली. डोकं आलं. मी म्हटलं, वाढव. त्यानं वाढवलं, आणि डोक्याचे चौकोन झाले. आणखी वाढवलं. मोठे चौकोन. वाकडी मान तेवढी समजत होती, तीही मला माहीत होती म्हणून.

“ही नाही बे. मोठी फाईल काढ.”

त्यानं तोच फोटो पुन्हा उघडला.

“मोठी कुठी आहे?”

“नाही ठेवली.” तो कीबोर्डकडे पाहून बोलत होता. “कॉम्प्युटर अडकत होता. अल्बमपुरती लहान करायचो, मोठी पुसून टाकायचो.”

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून.”

म्हणजे कॅमेरा ओल्या पंच्यात निजवून काढलेला प्रत्येक फोटो, श्वास धरून उभी राहिलेली प्रत्येक नवरी. मी जिल्हाभर ज्या पापण्यांच्या बढाया मारत हिंडलो, त्या हा माणूस माझ्या पाठीमागे बसून, माझ्याच चहाचे घोट घेत पुसत होता.

मावशीला एकच शब्द कळला होता. “पुसला? माह्या पोराले काहून पुसलं रे?”

मी दातओठ खाऊन पार्टनरकडे पाहिलं. तो म्हणाला, “मावशी, लहान फोटो साजरा निघते. एकदम साफ.”

तो खरंच साफ होता, आगपेटीच्या चित्राएवढा. मावशीनं फ्रेम बदलायला साफ नकार दिला. “लेकासाठी आणली, ते त्याचीच.” शेवटी आम्ही त्या हातभर फ्रेमच्या मधोमध पांढऱ्या कागदावर तो आगपेटीएवढा चेहरा चिकटवला.

पुण्यानुमोदनाला आम्ही दोघंही गेलो. टेबलापाशी येणारा प्रत्येक जण आधी लांबून पाही, मग जवळ येई, मग चष्मा पुसून पार वाकून पाही. एक म्हातारे उठता उठता मला म्हणाले, “तुहा तो मोठा क्यामेरा गेला का कुठं?”

बढाई मारायची सोडून मी त्यांना काठी उचलून दिली. असं आयुष्यात क्वचितच झालं आहे.

पंगत बसली. मावशी वाढत वाढत आमच्यापाशी आली. मला वाटलं, आता पार्टनरला बोलेल. बोलावं, अशी माझी फार इच्छा होती. तिनं त्याच्या पत्रावळीवर वरण घातलं आणि म्हणाली, “पोटभर जेव रे बाबा, लांबून आला.”

तो जेवला. दोनदा भात मागून घेतला. मी भाताचं आळं करून बसलो होतो, वरण त्यातून चहूकडे वाहत होतं, आणि मी फाईली पुसणाऱ्या त्याच्या बोटांकडे पाहत होतो.